नोकरी सांभाळून फॉरेन्सिक सायकॉलॉजी शिकता येईल का?

प्रश्न : मी मावळात, कामशेतच्या पुढे एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बी.ए. मानसशास्त्र घेऊन केलं, मग बी.एड. नोकरीला सात वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यात शाळेजवळ जुन्या हायवेवर एका टेम्पोने दुचाकीला उडवलं. आमच्या सातवीतल्या एका मुलाने ते पाहिलं. त्याने आधी मला सांगितलं, मग मुख्याध्यापकांना, मग घरी, शेवटी पोलिसांना. दरवेळी थोडं वेगळं. आधी टेम्पो ‘जोरात’ होता, मग ‘लय जोरात’, आणि शेवटी तर ड्रायव्हर फोनवर बोलत होता असंही आलं. हवालदारांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘‘बाई, पोरगं खरं बोलतंय ना?’’ मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून फॉरेन्सिक सायकॉलॉजी, म्हणजे तपास आणि न्यायालयाच्या कामाशी जोडलेलं मानसशास्त्र, याबद्दल मिळेल ते वाचते आहे. त्यात एम.ए. करावंसं वाटतं. पण घरकर्ज आहे, नोकरी सोडता येणार नाही. नोकरी सांभाळून हे शिकता येईल का? आणि शिकून मावळातच राहायचं तर त्याचा काय उपयोग? सासूबाई विचारतात, ‘‘आता पोलिसात जाणार का?’’
– एक शिक्षिका, मावळ

उत्तर : आधी त्या मुलाबद्दल बोलू, कारण तुम्हाला जे शिकायचं आहे त्याचा गाभा तिथेच आहे.

तो मुलगा बहुधा खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक असतं आणि तो ते लपवतो. या मुलाला मात्र शेवटी शेवटी हेच कळेनासं झालं असावं, की रस्त्यावर आपण काय पाहिलं आणि नंतर मोठ्यांच्या बोलण्यातून काय कानावर पडलं. मोठ्या माणसांचंही असंच होतं. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि वेग किती असावा ते विचारलं. प्रश्न सगळ्यांना एकच होता, फक्त क्रियापद बदललेलं. ‘गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा’ असं ज्यांना विचारलं, त्यांनी सरासरी ताशी 32 मैलांच्या आसपास वेग सांगितला. ‘गाड्या एकमेकींवर आदळून चुरडल्या तेव्हा’ असं ज्यांना विचारलं, त्यांनी 41 मैलांच्या आसपास. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, ‘फुटलेली काच दिसली होती का?’ फितीत काच फुटलेलीच नव्हती. तरीही जोरकस क्रियापद ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण ‘हो’ म्हणाले. साधं ‘धडकल्या’ असं ऐकलेल्या 50 पैकी 7 जण.

आता तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात काय झालं असेल ते डोळ्यांसमोर आणा. कुणीतरी हळहळत म्हणालं असेल, ‘‘केवढ्या जोरात आला असेल टेम्पो!’’ घरी काका म्हणाले असतील, ‘‘हे ड्रायव्हर लोक सारखे फोनवर असतात, हाही असेल.’’ मुलाने ते ऐकलं आणि चार दिवसांनी ते त्याच्या आठवणीत जाऊन बसलं. स्मृती दरवेळी आठवताना नव्याने रचली जाते आणि त्या रचनेत ऐकीव तुकडेही येतात. मुलाला ते तुकडे वेगळे ओळखू येत नाहीत.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते, आणि ती तुम्ही रोज वर्गात करत असता. ‘‘नीट विचार कर, परत सांग’’ असं आपण विद्यार्थ्याला केव्हा म्हणतो? उत्तर चुकलेलं असतं तेव्हा. पहिलीपासून मुलं हे शिकत आलेली असतात, की तोच प्रश्न दुसऱ्यांदा आला म्हणजे आपलं आधीचं उत्तर चुकीचं होतं, ते बदलायला हवं. मग हीच सवय घेऊन मूल साक्षीदार म्हणून उभं राहतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, वडिलांनी विचारलं, पोलिसांनी विचारलं. प्रत्येक वेळी मुलाने आपल्या परीने ‘बरोबर’ उत्तर शोधलं. स्टीफन सेसी आणि मॅगी ब्रक या संशोधकांनी मुलांच्या साक्षीवर जे काम केलं, त्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारण्याचे आणि सुचवत सुचवत विचारण्याचे परिणाम तपशिलाने मांडले आहेत. मुलांना कसं विचारावं हे माहीत नसण्याची किंमत फार मोठी असू शकते. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण 1983 साली सुरू झालं. शेकडो मुलांना सूचक प्रश्न विचारविचारून भयंकर आरोप गोळा झाले. खटले 1990 पर्यंत चालले आणि एकही दोषसिद्धी झाली नाही. त्यातल्या एखाद्या मुलावर खरंच अन्याय झाला असेल, तर तोही त्या गोंधळात कायमचा हरवला.

म्हणून मुलांशी बोलायची पद्धत पुढे शास्त्रशुद्ध केली गेली. मायकेल लँब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली मुलाखतीची पद्धत आज अनेक देशांत वापरतात. तिचं सार असं : मुलाशी आधी ओळख होऊ द्यायची, ‘माहीत नसेल तर माहीत नाही असं म्हटलेलं चालेल’ हे त्याला सांगायचं आणि मग खुला प्रश्न विचारायचा. ‘काय झालं ते सुरुवातीपासून सगळं सांग.’ ‘मग काय झालं?’ ‘त्याबद्दल आणखी सांग.’ ‘फोनवर बोलत होता का?’ असा हो-नाहीचा प्रश्न शक्यतो नाहीच, आणि विचारायचाच तर अगदी शेवटी.

तेव्हा हवालदारांना देण्यासारखं उत्तर तुमच्याकडे होतं. ‘‘साहेब, खरं-खोटं मी ठरवू शकत नाही. पण त्याने पहिल्यांदा मला हे सांगितलं, अपघातानंतर इतक्या वेळाने, आणि तेव्हा मी त्याला अमुक एवढंच विचारलं होतं.’’ ही माहिती तपासाला फार मोलाची असते. पुढे कधी असा प्रसंग आला, तर मुलाचे शब्द आहेत तसे, त्याच्याच बोलीत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि तुम्ही काय विचारलं तेही लिहा. आणखी एक : 15 वर्षांखालच्या मुलाला साक्षीदार म्हणून पोलीस ठाण्यात यायला लावता येत नाही, त्याच्या राहत्या घरी जाऊन विचारावं असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179 सांगतं. शाळेतल्या प्रत्येकाला हे माहीत हवं.

मी हे इतकं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. आपल्याकडे या विषयाचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नार्को येतं. मुद्रांक घोटाळ्यातल्या तेलगीच्या नार्को चाचणीची, म्हणजे औषध देऊन बोलतं करण्याच्या चाचणीची, दृश्यं टीव्हीवर घरोघरी पोहोचली होती, तेव्हापासून मानसशास्त्र म्हणजे सत्य ओकायला लावणारं यंत्र असा समज पक्का झाला. त्या समजापायी काय होऊ शकतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. जून 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाने झालेल्या एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीला आणि तिच्या जोडीदाराला जन्मठेप सुनावली. त्या निकालात ‘बीईओएस’ नावाच्या मेंदूच्या चाचणीला महत्त्वाचं स्थान होतं. डोक्यावर इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याबद्दलची वाक्यं ऐकवायची, आणि मेंदूच्या विद्युत लहरींवरून त्या व्यक्तीने ती गोष्ट प्रत्यक्ष अनुभवली आहे की नाही ते ओळखायचं, असा या चाचणीचा दावा. तरुणीने चाचणीला संमती दिली होती. निकालाची चर्चा जगभर झाली आणि अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही पुरावा म्हणून अशा चाचण्यांवर विसंबण्याला विरोध केला. पुढे उच्च न्यायालयाने दोघांना जामीन दिला. 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या निकालात स्पष्ट केलं, की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग कुणावरही सक्तीने करता येणार नाही, आणि संमतीने केली तरी चाचणीचा निष्कर्ष हा थेट पुरावा ठरणार नाही.

माझं मत सरळ आहे. यंत्राच्या मोहाने जर तुम्ही या विषयाकडे येत असाल तर येऊ नका. मुलाला नीट प्रश्न विचारता यावा म्हणून येत असाल, तर या जिल्ह्याला तुमची फार गरज आहे.

ही गरज कुठे आहे ते पाहा. येरवड्याच्या निरीक्षणगृहात बाल न्याय मंडळ बसतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 नुसार 16 ते 18 वर्षांच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती यांचं प्राथमिक मूल्यमापन मंडळाला करावं लागतं. मूल्यमापनासाठी मानसशास्त्रज्ञांची मदत मंडळ ‘घेऊ शकेल’ असं कायदा म्हणतो. पण जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मंडळावर बालमानसशास्त्र किंवा मनोविकारशास्त्राची पदवी असलेलं कुणी नसेल, तर ही मदत घेणं बंधनकारक आहे. मे 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलगा चालवत असलेल्या भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने ‘त्याला सज्ञान समजा’ म्हणून आवाज उठवला. जुलै 2025 मध्ये मंडळाने पोलिसांची ती मागणी फेटाळली. या निर्णयावर कुणाचं काहीही मत असो, सतरा वर्षांच्या मुलाचं मन किती पिकलेलं असतं हा प्रश्न यापुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि त्याचं उत्तर रस्त्यावरच्या घोषणांनी देता येणार नाही.

मोठ्यांच्या खटल्यांतही तेच. 2007 साली मावळातल्या गहुंज्यात एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला. दोघा आरोपींची फाशी 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 35 वर्षांच्या कारावासात बदलली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. कारण होतं अंमलबजावणीतला अवाजवी विलंब आणि त्या काळात फाशीच्या छायेत काढलेले दिवस. निकाल ऐकून मावळात अनेकांना संताप आला असेल आणि तो समजण्यासारखा आहे. पण यापुढे फाशीचा विचार करणाऱ्या प्रत्येक खटल्यात आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन न्यायालयासमोर यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये ‘मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या निकालात सांगितलं आहे. ते मूल्यमापन घाईघाईने, कुणीतरी अर्ध्या तासात उरकलं, तर ते आरोपीच्याही कामाचं नाही आणि मृत मुलीच्या आईबापांच्याही.

आता शिक्षणाकडे. इथे एक नवी अडचण तुमच्यापुढे उभी आहे, ती आधीच सांगतो. नोकरी करणाऱ्या कितीतरी मराठी माणसांनी इग्नूतून दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. केलं. तो दरवाजा आता बंद झाला आहे. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवलं, कारण हा विषय 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली येतो. त्यामुळे कुणी ‘घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए.’ अशी जाहिरात दाखवली, तर पैसे भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर त्या संस्थेची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता तपासा. निर्णय जाचक वाटेल, गावातल्या आणि नोकरदार बायकांना तर फारच. तरीही त्यामागचं कारण मला पटतं : माणसाच्या मनावर काम करणाऱ्याने कुणाच्या तरी नजरेखाली सराव केलेला असलाच पाहिजे. खंत एवढीच, की दरवाजा बंद करताना संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग हा पर्याय विद्यापीठांनी उघडून ठेवायला हवा होता.

फॉरेन्सिक सायकॉलॉजी या नावाचं पदव्युत्तर शिक्षण गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात आहे. ते पूर्णवेळ आहे, तेव्हा नोकरी आणि कर्ज सांभाळून ते होणार नाही. ब्रिटनमध्ये काही विद्यापीठं या विषयाची एम.एस्सी. अर्धवेळ, अगदी दुरूनही करू देतात. पण तिथे ‘फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट’ हे बिरुद कायद्याने राखीव आहे, एम.एस्सी.नंतर दोनेक वर्षं देखरेखीखाली काम केल्याशिवाय ते लावता येत नाही. ती पदवी घेऊन इथल्या न्यायालयात आपोआप मान मिळेल असं समजू नका. आपल्याकडे तर फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्टची वेगळी नोंदवहीच नाही. न्यायालय तुमचं ज्ञान आणि अनुभव पाहतं, तज्ज्ञाच्या मताला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 खाली जागा देतं, आणि समोरचा वकील उलटतपासणीत विचारतो : शिकलात कुठे, कुणाच्या हाताखाली काम केलंत, ही चाचणी मराठी मुलांवर प्रमाणित झाली आहे का? सहा महिन्यांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राच्या जोरावर या प्रश्नांसमोर उभं राहता येत नाही. वाचनाला दिशा मिळावी म्हणून ती प्रमाणपत्रं जरूर करा, पण नावापुढे तज्ज्ञ म्हणून लिहू नका.

मग तुमचा मार्ग कोणता? मला दिसतो तो असा. पुण्याच्या नियमित महाविद्यालयातून किंवा विद्यापीठाच्या विभागातून मानसशास्त्रात एम.ए., शक्य असेल तर क्लिनिकल विषय घेऊन. कामशेतहून लोकलने शिवाजीनगर साधारण तासाभरावर आहे, पण शाळा आणि दिवसाची हजेरी दोन्ही एकत्र जमणार नाहीत हे उघड आहे. म्हणून संस्थेकडे अभ्यासरजा किंवा बिनपगारी रजा मागावी लागेल. संस्थाचालकांशी बोलण्याआधी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून नियम लेखी घ्या, तोंडी आश्वासनावर प्रवेश घेऊ नका. घरकर्जाचं काय, हा प्रश्न मी सोडवू शकत नाही. दोन वर्षं एका पगारावर घर चालत असेल तरच हे करा. चालत नसेल, तर आणखी दोन-तीन वर्षं पैसे साठवा. हा विषय पस्तिशीतही शिकता येतो आणि तुमची शिक्षिका म्हणून झालेली वर्षं त्यात वाया जाणार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणानंतरच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि संशोधन प्रकल्प हे भाग आहेत. मुलांच्या साक्षीवर, ग्रामीण मराठीत मुलाला खुला प्रश्न कसा विचारावा यावर तुमचा प्रकल्प झाला, तर ते काम इथे खरोखर हवं आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून आरोपीची मानसिक तपासणी करायची असेल, तर वाट आणखी लांब आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण किंवा दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालचा अभ्यासक्रम सांगितला आहे. ते नोकरीबरोबर होत नाही, आणि होऊ नये.

सासूबाईंना सांगा, पोलिसात जायची गरज नाही. एम.ए.च्याही आधी, आजच्या आज तुम्हाला करता येईल असं एक काम आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याखालच्या प्रकरणात पीडित मुलाला तक्रारीपासून निकालापर्यंत सोबत करायला एक सहाय्यक व्यक्ती देता येते. तपास कुठवर आला ते घरच्यांना समजावणं, न्यायालयात मुलाच्या शेजारी असणं, मूल थकलं तर न्यायाधीशांच्या लक्षात आणून देणं, ही तिची कामं. ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नेमणुकांची व्यवस्था नीट लावण्याचे निर्देश दिले. सहाय्यक व्यक्ती होण्यासाठी मानसशास्त्र किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी चालते, तशीच साधी पदवी आणि बालशिक्षण वा बालसंरक्षणातला किमान 3 वर्षांचा अनुभवही चालतो. तुमचा तेवढा अनुभव केव्हाच झाला आहे. शाळेची परवानगी घ्या आणि पुण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नाव नोंदवा. तिथे पोलीस, वकील, समुपदेशक आणि न्यायालय यांचं काम जवळून दिसेल, आणि पुढे शिकायचं की नाही याचा निर्णय जाहिराती वाचून नव्हे, काम पाहून घेता येईल.

मावळ तालुक्यातल्या इतर शिक्षिका, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि मानसशास्त्राच्या पदवीधरांनाही माझी हीच विनंती आहे. वडगाव, कामशेत, लोणावळा, तळेगाव या गावांमधून पुण्याच्या न्यायालयात जाणाऱ्या मुलांबरोबर त्यांची बोली जाणणारं कुणीतरी हवं आहे. कक्षात नाव नोंदवायला अर्ज आणि प्रमाणपत्रांच्या प्रती घेऊन जा.